तालुक्याच्या वकिलाची संदर्भसाधने : महाड-पोलादपूर परिसराच्या निमित्ताने एक चिकित्सा

सारांश

तालुका पातळीवर सर्व प्रकारची प्रकरणे चालविणाऱ्या वकिलास कायद्याचा संदर्भ शोधण्यासाठी आज कोणती साधने उपलब्ध आहेत, त्यांचे प्रामाण्य किती आणि मराठी भाषेतून काम करणाऱ्यास ती कितपत उपयोगी पडतात, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे. त्यासाठी महाडच्या चवदार तळ्याचा दावा आणि वीर परिसरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाचे भूसंपादन अशी दोन उदाहरणे घेतली आहेत. साधनांचा तुटवडा ही आता मुख्य अडचण राहिलेली नाही. मराठीत कायदा समजून घेण्यापुरता मिळतो, वापरण्यासाठी मिळत नाही, ही खरी अडचण आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : विधी संशोधन, न्यायनिर्णय, प्रामाण्य, मराठी अनुवाद, चवदार तळे, भूसंपादन.

१. प्रास्ताविक

कोकण रेल्वेचा रोहा ते वीर हा टप्पा जून १९९३ मध्ये सुरू झाला आणि महाड तालुक्यातील वीर हे गाव रेल्वेच्या नकाशावर आले. गावाजवळून मुंबई-गोवा महामार्ग जातो. पूर्वी त्याचा क्रमांक १७ होता, आता ६६ आहे. रेल्वे आली तेव्हा जमिनी गेल्या, महामार्ग रुंद झाला तेव्हाही गेल्या. रेल्वेचे संपादन १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या काळातले, तर महामार्गाचे १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालचे. एकाच शिवारातील बांधाला बांध लागून असलेल्या दोन शेतांना दोन वेगळे कायदे लागू व्हावेत, ही गोष्ट शेतकऱ्यास अन्यायाची वाटते आणि त्याच्या वकिलास अभ्यासाची. हा अभ्यास त्याने कुठे करावयाचा, हा या लेखाचा प्रश्न आहे.

विधी संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर विद्यापीठीय प्रबंध येतो. परंतु तालुका न्यायालयात सकाळी जामिनाचा अर्ज, दुपारी वाटपाचा दावा आणि संध्याकाळी पक्षकाराचा फेरफार पाहणारा वकीलही रोज संशोधनच करीत असतो. त्याचे संशोधन पुढच्या तारखेपर्यंत पुरे व्हावे लागते आणि त्यातील चूक दुसऱ्या कोणाच्या तरी जमिनीवर किंवा स्वातंत्र्यावर बेतते. म्हणून या संशोधनाच्या साधनांची चिकित्सा विधी महाविद्यालयांपुरती मर्यादित राहू नये. समाजशास्त्रे आणि भाषा शिकविणाऱ्या प्राध्यापकांनीही ती करावी, अशी प्रस्तुत लेखकाची धारणा आहे. लेखाची पद्धती विश्लेषणात्मक आहे. प्रत्येक साधनास तीन प्रश्न विचारले आहेत : ते अधिकृत आहे काय? त्यातील कायदा आजही जिवंत आहे काय, हे त्यातून कळते काय? आणि मराठीत विचार करणाऱ्या माणसास ते सापडते काय?

२. चवदार तळ्याचा दावा : संशोधनाचा वस्तुपाठ

महाडच्या सत्याग्रहाचा इतिहास सर्वपरिचित आहे. त्याची न्यायालयीन बाजू मात्र तुलनेने कमी वाचली जाते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले करण्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले. त्यानंतर नगरपालिकेने आपला ठराव फिरविला. १२ डिसेंबर १९२७ रोजी काही सवर्ण रहिवाशांनी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. डिसेंबरअखेरच्या परिषदेत या हुकमाचा मान राखून तळ्यावर जाणे स्थगित ठेवण्यात आले. मनाई हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला, मूळ दाव्याचा निकाल जून १९३१ मध्ये लागला, ठाण्याच्या अपिलीय न्यायालयाने जानेवारी १९३३ मध्ये अपील फेटाळले आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांच्या पीठाने, द्वितीय अपिलावर अखेरचा शब्द दिला.

वकिली संशोधनाच्या दृष्टीने या दाव्यात तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, दाव्याचा निकाल कायद्याच्या ग्रंथांइतकाच स्थानिक दप्तरावर ठरला. तळे खाजगी की नगरपालिकेचे, भोवतालच्या जागा व घरे कोणाची, वहिवाट केव्हापासूनची, या प्रश्नांची उत्तरे मुंबईच्या ग्रंथालयात नव्हती. ती महाडच्या कागदांत आणि महाडच्या साक्षीदारांजवळ होती. सवर्णांनी तळे दीर्घकाळ वापरले आणि अस्पृश्यांनी वापरले नाही, एवढे सिद्ध झाले. परंतु दीर्घकाळची वहिवाट म्हणजे अनादी रूढी नव्हे आणि नगरपालिकेच्या काळापूर्वीपासून इतरांना वगळण्याचा हक्क होता हे वादींना शाबीत करता आले नाही, यावर वादी हरले. कायद्याचे तत्त्व एका वाक्याचे होते. ते लागू पडते की नाही हे ठरविणारा पुरावा मात्र वर्षानुवर्षे गोळा करावा लागला.

दुसरी गोष्ट, न्यायनिर्णयाचा परिणाम आणि त्यातील नियम यांची आयुष्ये वेगवेगळी असतात. तळ्यावर जाण्याचा हक्क आज संविधानाच्या अनुच्छेद १५ व १७ ने प्रस्थापित आहे. त्यासाठी १९३७ च्या निर्णयाचा आधार घेण्याचे कारण उरलेले नाही. पण रूढीवर हक्क सांगणाऱ्याने ती प्राचीन, निश्चित आणि सातत्याची असल्याचे सिद्ध केले पाहिजे, हा त्यातील नियम पायवाट, पाणवठा, गुरचरण यांच्या वादांत आजही उपयोगी आहे. जुना निर्णय ‘कालबाह्य’ म्हणून बाजूला सारणारे आणि तो डोळे झाकून उद्धृत करणारे, दोघेही हा भेद विसरतात.

तिसरी गोष्ट शोधण्याची आहे. निर्णय १९३७ चा. ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये तो १९३८ च्या मुंबई विभागात छापलेला आहे. त्याचे नाव ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ असे आहे. त्यात ना महाड आहे ना तळे. शिवाय इंग्रजी कागदांत तळ्याचे नाव ‘चौदार’ असे वाचले जाईल अशा रोमन लेखनानेही येते. ज्यास हे ठाऊक नाही त्यास स्वतःच्याच गावचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय सापडत नाही. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या डॉ. आंबेडकरांच्या समग्र वाङ्मयाच्या सतराव्या खंडाच्या पहिल्या भागात महाड सत्याग्रहाविषयीचे कागद आहेत, हे इतिहासाच्या प्राध्यापकास माहीत असते. वकिलास ते माहीत असतेच असे नाही. दोन विद्याशाखांमधील ही दरी महाविद्यालयाने भरून काढण्याजोगी आहे.

३. छापील साधने : अधिकार आणि मर्यादा

आपल्याकडे न्यायनिर्णयांच्या अधिकृत छपाईची परंपरा १८७५ च्या इंडियन लॉ रिपोर्ट्स कायद्यापासून सुरू होते. तिच्या जोडीने खाजगी नियतकालिके वाढली. १८९९ पासूनचे बॉम्बे लॉ रिपोर्टर, नागपूरहून निघणारे ऑल इंडिया रिपोर्टर, महाराष्ट्र लॉ जर्नल आणि १९६९ पासूनचे सुप्रीम कोर्ट केसेस ही नावे कोणत्याही वकिलाच्या तोंडी असतात. त्यांची खरी किंमत निर्णयाच्या पाठात नसून त्यावरील संपादकीय कामात आहे : शिरोटिप्पणी, पूर्वनिर्णयांचा मागोवा, कोणता निर्णय पुढे उलटला याची नोंद. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्ये हाच भेद स्पष्ट केला. निर्णयाचा मूळ पाठ सर्वांचा आहे. संपादकाने कौशल्याने घातलेल्या भरीवर मात्र त्याचा हक्क आहे.

याचा व्यवहारातील अर्थ असा की, कायदा फुकट आहे पण त्याची वाट दाखविणारा नकाशा विकत घ्यावा लागतो. मुंबईतील मोठी कार्यालये हा नकाशा विकत घेतात. तालुक्याचा कनिष्ठ वकील एखाददुसरे वार्षिक बांधीव खंड, मुल्लांचे दिवाणी प्रक्रिया संहितेवरील भाष्य आणि रतनलाल-धीरजलाल यांची फौजदारी कायद्यावरील पुस्तके एवढ्यावर भागवितो, आणि तीही बहुधा ज्येष्ठांकडून आलेल्या जुन्या आवृत्त्यांत.

जुन्या आवृत्तीचा धोका १ जुलै २०२४ पासून वाढला आहे. त्या दिवशी भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा अधिनियम यांची जागा अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम यांनी घेतली. दंड संहितेचे कलम ३०२ खुनाच्या शिक्षेचे होते. न्याय संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे आणि तेथील कलम ३०२ धार्मिक भावना दुखावणाऱ्या उच्चारांविषयी आहे. ज्या ‘चारशेवीस’ने बोली मराठीत घर केले, त्या क्रमांकाचे कलमच नव्या संहितेत नाही, कारण तिची एकूण कलमे ३५८ आहेत. रूढीविषयीच्या पुराव्याचे जुने कलम १३ साक्ष्य अधिनियमात ११ झाले आणि इलेक्ट्रॉनिक अभिलेखाविषयीचे ६५-ब हे ६३ झाले. त्यातही ६३ मध्ये प्रमाणपत्राचा नमुना व तपशील बदललेला आहे, म्हणून जालना जिल्ह्यातील निवडणूक वादातून आलेला अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणातील २०२० चा निर्णय नव्या कलमाशी ताडूनच वापरावा लागतो. त्याच वेळी १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू आहे. म्हणजे जुने पुस्तक टाकूनही चालत नाही आणि एकट्यावर विसंबूनही चालत नाही.

छापील साधनांची आणखी एक मर्यादा या परिसरास वेगळी सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ च्या पुराने महाड शहराची जी अवस्था केली, ती पाहिलेल्या कोणासही तळमजल्यावरील कपाटाचा भरवसा वाटणार नाही.

४. महामार्गाचा निवाडा : चार थरांचा कायदा

साधनांची कसोटी प्रत्यक्ष प्रश्नावर लावून पाहू. इंदापूरपासून पुढे महामार्गाच्या रुंदीकरणात जमीन गेलेल्या शेतकऱ्याने विचारले, ‘मला दिलासा रक्कम आणि व्याज मिळेल काय?’ तर उत्तर शोधणाऱ्यास चार थर उलगडावे लागतात.

पहिला थर अधिनियमाचा. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाचे कलम ३-जे सांगते की, १८९४ च्या भूसंपादन कायद्यातील काहीही या संपादनास लागू नाही. नुसता अधिनियम वाचणारा ‘मिळणार नाही’ असे उत्तर देईल. दुसरा थर २०१३ च्या भूसंपादन कायद्याचा आणि केंद्र सरकारच्या २८ ऑगस्ट २०१५ च्या आदेशाचा. त्यायोगे नव्या कायद्यातील भरपाईच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गाच्या संपादनासही लागू झाल्या. हा आदेश अधिनियमाच्या छापील प्रतीत असतोच असे नाही. तिसरा थर न्यायनिर्णयाचा. युनियन ऑफ इंडिया विरुद्ध तरसेम सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी ठरविले की, दिलासा रक्कम व व्याज नाकारण्यापुरते कलम ३-जे समानतेच्या हक्काचा भंग करते. चौथा थर त्या निर्णयाच्या कालव्याप्तीचा. हा निर्णय केवळ पुढील काळासाठी मर्यादित करावा ही विनंती न्यायालयाने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी नाकारली, आणि त्यानंतर पुनर्विलोकनाचाही मार्ग चोखाळला गेला. म्हणून सल्ला देणाऱ्याने त्या दिवसापर्यंतचे आदेश पाहिल्याशिवाय उत्तर देऊ नये.

रक्कमच मान्य नसेल तर प्रक्रियेचा आणखी एक गुंता समोर येतो. कलम ३-जी खाली लवादाकडे जावे लागते आणि लवादाच्या निवाड्याविरुद्ध लवाद व सलोखा अधिनियम, १९९६ च्या कलम ३४ खाली न्यायालयात जावे लागते. मुदत निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, आणि सबळ कारण असल्यास जास्तीत जास्त आणखी तीस दिवस. त्यानंतर दार बंद. निवाडा चुकीचा आढळला तर न्यायालय रक्कम वाढवून देऊ शकते काय? महामार्ग संपादनातूनच उद्भवलेल्या एम. हकीम प्रकरणात २०२१ मध्ये उत्तर आले : निवाडा रद्द करता येईल, बदलता येणार नाही. गायत्री बालसामी प्रकरणात घटनापीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी बहुमताने सांगितले की, मर्यादित परिस्थितीत बदलताही येईल. २०२१ च्या पुस्तकावर थांबलेल्या वकिलाचा सल्ला २०२५ नंतर चुकीचा ठरतो. त्याची बुद्धी किंवा निष्ठा कमी पडलेली नसते. त्याच्या साधनाने त्याला कायदा बदलल्याचे कळविले नाही, एवढेच घडलेले असते.

प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका कुटुंबाने संपादनाच्या कागदांची पिशवी घेऊन असाच अनुभव घेतला. कोणी मराठी मार्गदर्शिका दाखविली, कोणी भ्रमणध्वनीवर आलेले इंग्रजी पान. दोन्हींत परस्परविरोधी उत्तरे होती आणि दोन्हींवर तारीख नव्हती. मुदतीचे दिवस मात्र मोजून जात होते. तारीख नसलेला कायदा हा अर्धाच कायदा होय, हा धडा त्या पिशवीने दिला.

५. संगणकीय साधने : सुलभता आणि प्रामाण्य

गेल्या दोन दशकांत या क्षेत्रात क्रांती झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे नाही. जानेवारी २००८ मध्ये सुशांत सिन्हा यांनी सुरू केलेल्या ‘इंडियन कानून’ या शोधस्थळाने न्यायनिर्णय सर्वांसाठी खुले केले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला अधिकृत वृत्तान्त ‘ई-एससीआर’ या नावाने विनामूल्य उपलब्ध केला आणि त्याच वर्षी निर्णयांना खाजगी प्रकाशकांवर अवलंबून नसलेले स्वतंत्र संदर्भ क्रमांक देण्याची पद्धत सुरू केली. केंद्राचे अधिनियम ‘इंडिया कोड’वर आहेत. ई-कोर्ट्सवर सोळा अंक-अक्षरांच्या क्रमांकाने महाड, माणगाव किंवा अलिबाग येथील प्रकरणाची स्थिती घरबसल्या पाहता येते.

प्रत्येकाची मर्यादाही नोंदविली पाहिजे. मुक्त शोधस्थळावर निर्णय मिळतो, परंतु तो पुढे उलटला आहे काय हे खात्रीने सांगणारी नोंद मिळेलच असे नाही. शोधणाऱ्यास ‘त्याचा उल्लेख कोणकोणत्या निर्णयांत आला’ ही यादी स्वतः वाचावी लागते. अधिनियमाच्या संकेतस्थळावर कलम मिळते, पण त्या कलमास न्यायालयाने दिलेला अर्थ किंवा लावलेली कात्री दिसत नाही; कलम ३-जे हे त्याचे उदाहरण होय. जिल्हा व तालुका न्यायालयांचे निर्णय बंधनकारक पूर्वनिर्णय नसतात, तरी कोणत्या प्रकारच्या दाव्यात कोणता पुरावा दाखल होतो हे शिकण्यासाठी त्यांइतके चांगले साधन दुसरे नाही. दुर्दैवाने त्यांना शिरोटिप्पणी नाही आणि विषयवार सूचीही नाही.

महसुली बाजू याहून दुबळी आहे. कोकणातील जमिनीचा इतिहास १८८० चा खोती सेटलमेंट कायदा, १९४८ चा कुळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलन कायदा आणि १९६६ ची जमीन महसूल संहिता यांतून वाहत आला आहे. सातबारा आणि फेरफार आज संगणकावर दिसतात. पण फेरफार हा मालकीचा पुरावा नव्हे, ही सर्वोच्च न्यायालयाने सावर्णी विरुद्ध इंदर कौर (१९९६) या प्रकरणात सांगितलेली गोष्ट त्या पडद्यावर लिहिलेली नसते. संहितेच्या कलम १५७ नुसार नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढेच तिचे बळ.

सर्वांत नवे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेचे आहे आणि त्याबाबत सावधगिरीची उदाहरणेही ताजी आहेत. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात, यंत्राने रचलेले व अस्तित्वातच नसलेले निर्णय सादर केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलरचा दंड केला. २०२५ मध्ये केएमजी वायर्स प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयासमोर आलेल्या आयकर निर्धारणाच्या आदेशातच अस्तित्वात नसलेल्या निर्णयांचा आधार घेतलेला आढळला आणि तो आदेश रद्द झाला. यंत्र शोधाची सुरुवात करून देऊ शकते. निर्णय प्रत्यक्ष उघडून, परिच्छेद वाचून आणि संदर्भ क्रमांक ताडून पाहण्याचे काम माणसाचेच राहते.

६. मराठीचा दरवाजा अर्धा का उघडतो?

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. महाराष्ट्र शासनाने २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरविली. साक्ष मराठीत होते, दावे मराठीत लिहिले जातात, अनेक निर्णयही मराठीत दिले जातात. परंतु त्या निर्णयास ज्या पूर्वनिर्णयांचा आधार द्यावयाचा, ते संविधानाच्या अनुच्छेद ३४८ मुळे इंग्रजीत आहेत. तालुक्याचा वकील मराठीत बोलतो आणि इंग्रजीत शोधतो.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून काही निर्णयांचे प्रादेशिक भाषांत अनुवाद देण्यास सुरुवात केली आणि मराठी अनुवादही उपलब्ध होत आहेत. ही निश्चितच स्वागतार्ह गोष्ट आहे. तथापि या अनुवादांसोबत एक टीप असते. तिचा आशय असा की, अनुवाद पक्षकारास आपल्या भाषेत निर्णय समजावा एवढ्यापुरताच आहे, अन्य प्रयोजनासाठी वापरू नये, आणि अधिकृत पाठ इंग्रजीच समजावा. ही टीप अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. यंत्राच्या साहाय्याने झालेल्या अनुवादास एकदम बंधनकारक ठरविणे धोक्याचे होईल. पण तिचा परिणाम स्पष्ट आहे. मराठी वाचकास कायदा समजून घेण्यापुरता दिला जातो, वापरण्यासाठी दिला जात नाही.

अधिनियमांच्या बाबतीत स्थिती एवढी कुंठित नाही. प्राधिकृत पाठ (केंद्रीय विधी) अधिनियम, १९७३ नुसार राष्ट्रपतींच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध झालेला प्रादेशिक भाषेतील अनुवाद हा त्या भाषेतील प्राधिकृत पाठ मानला जातो. म्हणजे मराठीस प्रामाण्य देण्याची वाट कायद्याने पन्नास वर्षांपूर्वीच खुली केली आहे. अडचण आहे ती अद्ययावततेची : मूळ अधिनियमात सुधारणा झाली की मराठी पाठाने तिच्या मागोमाग यावयास हवे. निर्णयांच्या बाबतीतही वाट नाही असे नाही. राजभाषा अधिनियम, १९६३ चे कलम ७ राज्यपालांना, राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीने, उच्च न्यायालयाच्या निर्णयांसाठी हिंदी किंवा राज्याची राजभाषा प्राधिकृत करण्याची मुभा देते. सोबत इंग्रजी अनुवाद असला पाहिजे एवढीच अट आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथे हिंदीस ही मुभा मिळाली. मराठीस नाही.

मराठी परिभाषेचाही येथे विचार केला पाहिजे. भाषा संचालनालयाच्या न्यायव्यवहार कोशाने हुकूमनामा, न्यायनिर्णय आणि आदेश, पुनरीक्षण आणि पुनर्विलोकन असे भेद मराठीत स्थिर केले, ही मोठी कामगिरी होय. तथापि बाजारातील कित्येक मराठी मार्गदर्शिका हे शब्द सैलपणे वापरतात. लवाद आणि मध्यस्थ यांची गल्लत झाली की वाचक चुकीच्या दारात उभा राहतो, कारण लवादाचा निवाडा बंधनकारक असतो आणि मध्यस्थाचे काम तडजोड घडविण्याचे असते.

याउलट दिशेची अडचण शोधाच्या शब्दांची आहे. कुळ, वहिवाट, गुरचरण, वरकस, दळी हे शब्द इंग्रजी निर्णयांत जसेच्या तसे येतात, पण प्रत्येक न्यायाधीशाच्या व टंकलेखकाच्या रोमन लेखनानुसार त्यांची रूपे बदलतात. एका रूपाने शोधणाऱ्यास दुसऱ्या रूपातील निर्णय दिसत नाही. दळी जमिनीवर वनहक्क कायदा, २००६ खाली दावा करणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या वकिलास हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न वाटणार नाही. येथे कोणत्याही महागड्या साधनापेक्षा चार पानांची शब्दसूची अधिक उपयोगी पडेल. ती इंग्रजी जाणणाऱ्या परंतु वरकस आणि खाचर यांतला फरक न जाणणाऱ्या संपादकास करता येणार नाही. ती येथेच करावी लागेल.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) सामान्य वकिलीसाठी लागणारा कायद्याचा मूळ पाठ आज बहुतांशी विनामूल्य उपलब्ध आहे. उणीव आहे ती पाठ जिवंत आहे की नाही हे सांगणाऱ्या विश्वसनीय संपादकीय कामाची, विशेषतः मराठीत.

(२) कोणत्याही साधनाचा वापर ठराविक क्रमाने व्हावा : प्रथम घटनेची तारीख, मग त्या तारखेस लागू असलेला अधिनियम व त्याखालील आदेश, मग सर्वोच्च व मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय, मग त्या निर्णयाचे पुढे काय झाले याची तपासणी, आणि शेवटी मुदत. व्यवहारात मुदत शेवटी पाहिली जाते आणि तोवर ती संपलेली असते. म्हणून ती पहिल्या दिवशीच लिहून ठेवावी आणि शेवटी पुन्हा ताडावी.

(३) चवदार तळ्याच्या दाव्याने दाखविल्याप्रमाणे स्थानिक दप्तर हे विधी संशोधनाचे दुय्यम नव्हे, तर प्रमुख साधन आहे.

(४) मराठी अनुवादास केवळ माहितीचा दर्जा देऊन थांबणे पुरेसे नाही. अधिनियमांचे प्राधिकृत मराठी पाठ सुधारणांसह प्रसिद्ध करणे आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयांसाठी कलम ७ चा विचार करणे, ही पुढील पावले आहेत.

यांपैकी शेवटचे काम शासन व न्यायसंस्थेचे आहे. पण शब्दसूची करणे, तालुक्याशी संबंधित निर्णयांची मराठी सूची करून प्रत्येकावर तपासणीची तारीख घालणे, आणि इतिहास, भूगोल, मराठी व राज्यशास्त्र या विभागांनी स्थानिक वकील संघासोबत ती दरवर्षी अद्ययावत ठेवणे, हे महाविद्यालयाच्या आवाक्यातील काम आहे. त्यासाठी अनुदानाची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वही, एक संगणक आणि नियमाने बसणारी चार माणसे पुरेत.

महाडच्या न्यायालयात १९२७ साली दाखल झालेल्या दाव्यात प्रतिवादींच्या बाजूला स्वतः बॅरिस्टर असलेले एक असामान्य विद्वान होते. वीरच्या शेतकऱ्यास तसा प्रतिवादी होता येत नाही आणि तसा वकील मिळेलच असेही नाही. त्याचा वकील सामान्य असेल, म्हणूनच त्याच्या वकिलाची साधने चांगली असली पाहिजेत.